आज सकाळचं झाड

सोमवारी शाळेमागचं लाल पानांचं झाड बुंध्यापासून पाडताना करवतवाल्याच्या अंगठ्यात ढलपी घुसली. शुक्रवारी अंगठा टम्म सुजला, तसा तो मुकाट्याने दवाखान्याच्या बाकावर येऊन बसला. शेजारी दोघी नणंद-भावजय कुजबुजत होत्या.

"रोज पहाटे कॅमेरा गळ्यात घालून निघतात, ताई. पानगळीचे फोटो म्हणे!"

"अगं, माझा भाऊ आहे तो. लहानपणापासून झाडांचं वेड त्याला."

"दोन तास दवात उभे राहतात, मग बूट कोरडे ठाक कसे?"

"गवतात शिरला नसेल."

"आणि दाढी? आठवड्यातून एकदा करायचे, आता रोज. झाडासाठी?"

"संशयाला औषध नाही, बाई. फोटो पाठवतो ना? दाखव बघू."

"हा घ्या. आज सकाळचा, शाळेमागचा."

"अगंबाई, काय लालभडक दिसतंय! आता याहून वेगळा पुरावा काय हवा तुला?"

"तेही खरंच. मन चिंती ते वैरी न चिंती, दुसरं काय!"

"सोड आता. बिचाऱ्याशी दोन शब्द गोड बोल."

"बोलते हो." ती हलकी होऊन हसली आणि तिने मोबाइल करवतवाल्यापुढे धरला. "बघा हो दादा, आहे की नाही सुंदर?"

"आहे."

"तुमच्या अंगठ्याला काय झालं?"

"झाड पाडताना ढलपी घुसली."

"अरेरे! कुठलं झाड?"

करवतवाल्याने सुजलेला अंगठा मुठीत दडवला.