मास्तरांच्या जागेची जाहिरात

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांच्या निरोपासाठी आज शिलाई मशिनं दुपारीच थांबली ते आमचे कटिंग मास्तर, पहिल्या रांगेत अवघडून बसलेल्या वहिनी आणि माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

मास्तरांच्या हाताचं कौतुक पाहुण्यांनी केलंच आहे. मी कारखान्यात माणसं निवडणारी बाई. मी फक्त ते इथे आले कसे, तेवढं सांगते.

अकरा वर्षांपूर्वी त्यांचा अर्ज आला, त्यात जन्मसाल नव्हतं. असेल चाळिशीचा, असं समजून मी बोलावलं. समोर आले ते चौपन्न वर्षांचे गृहस्थ, केस काळेभोर आणि कॉलरवर कलपाचा डाग! मी चिडले. वय का लपवलंत, असं जरा चढ्या आवाजातच विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "सव्वीस ठिकाणी वय लिहिलं, बाई. एकानंही बोलावलं नाही."

जुना कारखाना बंद पडून त्यांना दोन वर्षं झाली होती. मुलगा म्हणायचा, बाबा, आता आराम करा. वहिनी, तुम्हीच मला नंतर सांगितलंत ना, की त्या आरामापायी यांना जेवण गोड लागत नव्हतं? धडधाकट माणसाला घरी बसवून आराम कर म्हणणं, ही कसली माया हो?

तर, आले आहेत तर परीक्षा देऊ देत, असं मी म्हटलं. नाट्यगृहाच्या पडद्याची मखमल कापायची होती. दोन तरुण उमेदवारांनी थरावर थर टाकून झपाझप कापलीसुद्धा. मास्तर मात्र कापडावरून नुसता तळवा फिरवत बसले. कात्री हातात घेईनात. आपल्या अध्यक्षांनी मला हळूच विचारलं, हात थरथरतात का यांचे? मास्तरांनी ते ऐकलं.

"हात ठीक आहेत, साहेब. कापड उलटसुलट पडलंय."

मखमलीची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर पडदा अर्धा काळपट, अर्धा उजळ दिसतो. त्या दोघांचं कापड वाया गेलं. अध्यक्ष महोदय, हसताय काय, तुम्हीही पाहिलं नव्हतंत!

आता जे सांगायचं ते सांगताना मला लाज वाटते. गेल्या आठवड्यात मास्तरांच्या जागेसाठी मी जाहिरात लिहिली आणि कामाचा तपशील तपासायला त्यांनाच दिली. त्यांनी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे या वेळी मला बोलावलं नसतंत."

मी लिहिलं होतं, वय पस्तीसच्या आत. कोणी सांगितलं नव्हतं. अकरा वर्षं या माणसाशेजारी काम करूनही माझ्या हातानं ते आपसूक लिहिलं.

अध्यक्ष महोदय, जाहिरात उद्या छापायला जाईल. ती ओळ खोडायची परवानगी मी सगळ्यांदेखत मागते आहे. केबिनमध्ये मागितली असती, तर तुम्ही 'बघू' म्हणाला असतात. मान हलवलीत? सगळ्यांनी पाहिलं बरं का. आभारी आहे.

पाहुण्यांचे, वहिनींचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पदरात घ्या. आणि मास्तर, त्या दिवशी तुमचं वय विचारताना माझा आवाज चढला होता. त्याची माफी मागायची राहून गेली होती. ती आज मागते.