दोन बजेटं आणि एक म्हस

न्हाय, न्हाय पावणं, त्यो पेपर आदी घडी करा. फडफडला की म्हस बुजती, मग दूध कुठलं मिळतंय. ह्या कट्ट्यावर अशीच रीत हाय — म्हस तुमच्या म्होरं पिळायची आणि फेस बसायच्या आत गिलास तोंडाला लावायचा. काय इचारलं? कुठलं बजेट बरं, सायबांचं का नगरसेवकांचं? माज्या तोंडानं वदवून घ्याय लागलाय व्हय. सांगतो की. माजी पोरगी वर्षाराणी दहावीला हाय, तिच्याकडनं दोन्ही वाचून घेतल्यात.

म्हापालिकेचा आयुक्त सायेब म्हणतोय, शहरात जनावर बांधायचं तर डोईमागं वरसाला पाचशे रुपय लायसन, वर पाण्याला मीटर. आता उन्हाळ्यात म्हस किती बादल्या पिती, ठावं हाय का त्याला? मीटर बघून तोंड उचलणार हाय व्हय ती? मग उठलं आमचं नगरसेवक — ह्याच कट्ट्यावर दूध पिऊन वाढल्यालं. त्येनी दुसरं बजेट मांडलं. लायसन न्हाय, मीटर न्हाय, पाणीपट्टी हाय तीच. आमी काय केलं? हलगी लावली, गुलाल उडवला, हिच्या शिंगास्नी सुद्दा लावला. आणि दुसऱ्या दिवशी पोरगीनं राहिल्यालं पान वाचलं — दिवाळीपातुर समदी जनावरं हद्दीभाईर, आणि कट्ट्याच्या जागंवर गाड्यांचं पार्किंग. एकानं दावं महाग केलं, दुसऱ्यानं खुटाच उपटला. आता बरं कुठलं, तुमीच सांगा.

मीटरचं पाणी मला परवडायचं न्हाय, आणि हद्दीभाईर माजी जागा हाय का? न्हाय. आणि तिकडनं किटलीतनं दूध आणलं तर हितं कोण पिणार, तसलं डेरीत बी मिळतंय. म्हणून मी ठरवलंय — जरा जवळ या — येत्या बाजारला पेठ वडगावात हिला इकायची. दलाल दात बघून गेलाय. घरात सांगितल्यालं न्हाय. माजी मालकीण शांतव्वा, निपाणीकडची, तिनं म्हायेरातनं हिला रेडकू असताना आणल्याली. तासतास कन्नडात बोलत बसती हिच्यासंगं, तेवढी माज्यासंगं कवा बोलली न्हाय. तिला सांगितलंय, बजेट पास व्हायचं हाय अजून, काय तरी मार्ग निघंल. खोटं बोललो. लई वाईट वाटतंय, पण काय करू? कुठलं बी पास होऊ दे, म्हस जाणारच. मला राग कशाचा हाय सांगू? दोघांनी बी मला न इचारता माजं भलं ठरवलं. इचारायला तोंड न्हवतं काय माज्या घरात? आणि म्या तरी काय केलं — मी बी तिला न इचारताच —

थांबा. धार तुटली बघा. माणूस तापला की म्हस पान्हा चोरती. हो बाई, हो... न्हाय, माज्याकडं बघंना झालीया ही. मागं कुणाकडं बघतीया?

शांतव्वा. कवा आलीस तू?

गिलास द्या हिकडं, पावणं. आज दूध न्हाय. जावा तुमी.