चुंबक नुसता ठेवला तर

माझी शाळा चौथीत सुटली, पण कान अजून पहिल्या नंबरात आहेत. शाळेच्या ऑफिसबाहेर माझ्या शेजारी एक बाई, तिची मुलगी आणि धाकटा मुलगा बसले होते. मुलगी भावाचा अभ्यास घेत होती.

“तारेच्या कॉइलमध्ये चुंबक नुसता ठेवला, तर वीज येईल?”

“येईल की. चुंबक आहे ना आत.”

“नाही रे ठोंब्या. कॉइलमधून जाणारा फ्लक्स, म्हणजे चुंबकाच्या बलरेषांचा आकडा, बदलायला हवा. चुंबक आत-बाहेर हलवत राहिलास, तरच वीज येते.”

“आणि भरभर हलवला तर?”

“फ्लक्स भरभर बदलतो, वीज जास्त.”

“ताई, तू उद्यापासून शाळेत नसणार. मला कोण सांगणार?”

“घरीच तर असणार आहे. भांडी घासता घासता सांगेन.”

खिडकीतून कारकुनाने विचारलं, “मुलीची शाळा सोडण्याचं कारण काय लिहू?”

आई म्हणाली, “लिहा, तिला अभ्यास झेपत नाही.”