बोगनवेलीचा मानपान

...आणि वर मलाच विचारायचे हो, ‘अजून नाही का फुलली?’ अहो, फुलली असती तर मी काय चादरीखाली लपवून ठेवली असती? जिन्यात भेटेल तो तेच! सगळ्या इमारतीला दुसरा धंदाच नाही!

तुम्हाला सांगतो, बायको महिनाभर तिच्या बहिणीकडे गेली. गुडघ्याचं ऑपरेशन, बहिणीचं. निघताना पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिली, गॅलरीतल्या कुंडीकडे बोट केलं आणि म्हणाली, “ती बोगनवेल तुमच्यावर सोपवून जातेय. मी येईन तेव्हा फुललेली दिसली पाहिजे.” संपलं! गेली!

आता मी पडलो घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. घड्याळ बंद पडलं की मागचं झाकण उघडायचं, डोळ्याला भिंग लावायचं, चोर सापडतो. झाडाचं झाकण कुठून उघडू? पण खरं सांगू? छाती जरा फुगलीच. एकतीस वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर सोपवलेली ही पहिली गोष्ट. नाहीतर मी गॅस बंद केला तरी मागून येऊन बटण फिरवून बघणारी बाई ती!

मग लागलो सेवेला. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, दुपारी दुकानाला कुलूप लावून घरी येऊन पाणी. ऊन लागेल म्हणून छत्री. धूळ बसेल म्हणून भिंगाच्या मऊ फडक्याने एकेक पान पुसलं. वर काटे टोचले ते मलाच! झाड आहे की जावई?

आणि फूल? नाव नको!

गेलो खताच्या दुकानात. तो दुकानदार डोळे मिटून बोलतो, जसं काही झाड त्याच्या कानात सांगून गेलंय. “साहेऽब, उपाशी आहे हो ते.” उपाशी! आमच्या घरात कोण उपाशी असेल तर तो मी, बायको गेल्यापासून पाव खाऊन राहिलेला! दिली एक पांढरी पूड, दिलं एक हिरवं पाणी. आठ दिवसांत फरक पडला. काय फरक? पानं! बोटाएवढी होती ती तळहाताएवढी झाली. परत गेलो तर म्हणतो कसा, “बघा, खूश झालं!” अरे, खूश झालं तर एकदा हसायला सांग की त्याला!

त्यात वरच्या मजल्यावरचे गुरुजी. निवृत्त, विज्ञानाचे. “त्याचं असं आहे...” हे म्हणाले की आपण खुर्ची शोधावी. “त्याचं असं आहे, बोगनवेलीची फुलं ही मुळात फुलंच नव्हेत. ती रंगीत पानं. खरं फूल आत असतं, पांढरं, एवढंसं.” घ्या! म्हणजे मी ज्याच्यासाठी मरतोय ते आलं तरी आलेलं नसणार! मी चिडून म्हटलं, “मग आहेत तीच पानं रंगवून टाकू का?” तर गंभीरपणे म्हणाले, “रंग टिकणार नाही.” ह्या माणसाने चाळीस वर्षं मुलं शिकवली!

जाता जाता म्हणाले, “तिच्याशी प्रेमाने बोला. झाडांना कळतं.” बोललो! गॅलरीत उभा राहून, अगदी गळ्यात मध आणून, “रागावलीस का गं? काय हवंय तुला?” समोरच्या गॅलरीत बाई कपडे वाळत घालत होत्या... त्यांनी आत जाऊन दार धाडकन लावून घेतलं! आता त्यांचे यजमान माझ्याकडून घड्याळाचा सेलसुद्धा बदलून घेत नाहीत. झाड आहे की जावई?

महिना संपला. बायको आली ती चप्पल न काढता थेट गॅलरीत. मी मागे, मान खाली. त्या हिरव्या डोंगराकडे बघत बघत म्हणाली, “पाणी घालत होतात?”

“रोज! तीन वेळा!”

“खत?”

“दोन प्रकारचं!”

मटकन स्टुलावर बसली. “अहो, ही लाडाने नाही फुलत! हिला पाण्यावाचून तळमळू द्यायचं, खत नाही, काही नाही, मग फुलते. माझ्याच्याने ते होत नाही, येताजाता पाणी घातलं जातं. म्हणून म्हटलं, एक महिना तुमच्या हवाली करावी. दुर्लक्ष करण्यात तुमचा हात कोण धरणार? एकतीस वर्षं घरातल्या एका गोष्टीकडे लक्ष दिलं नाहीत, आणि आत्ताच कुठून सुचलं हो तुम्हाला?”

आयुष्यात एकदा मनापासून काम केलं... आणि नेमकं तेच करायचं नव्हतं!

त्या दिवसापासून तिने मन घट्ट केलं. पाणी तोडलं, खत बंद, बघणंसुद्धा बंद. पानं गळाली, काड्या राहिल्या. आणि विसाव्या दिवशी... भडक गुलाबी! कठडा दिसेना! माझ्या तीन वेळच्या पाण्याला जी ढिम्म हलली नाही, ती ह्या छळाला भाळली! थू!

बरं, फुलली, फुलू दे. पण बायकोला आता त्या उपायाची चटक लागलीय. काल सकाळी दोनदा चहा मागितला. दोनदा! तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणते,

“थांबा जरा. तुम्हालाही येतील फुलं.”

बसलोय वाट बघत. डोक्यावरची पानगळ तर केव्हाच पुरी झालीय.