अर्धा कोयता आम्ही नेत नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, माजी सरपंच गोरक्षनाथ अण्णा. आमच्या सूनबाईला जपानी शिकवणाऱ्या आणि सावेडीहून मुद्दाम आलेल्या ज्योती मॅडम. माझे व्याही छगनराव. आणि समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या टोळीतल्या बंधू-भगिनींनो. मी गहिनीनाथ मुकादम. ऊसतोडीला माणसं नेणं हा माझा धंदा, भाषण करणं नव्हे. तरी दोन शब्द बोलतो, गोड मानून घ्या.

माझ्या मागच्या बॅनरवर 'कु. संस्कृती जपानला रवाना' असं लिहिलंय. तो लग्नाच्या आधीच छापून झाला होता, कुणी हसू नये. मंडप ठरला होता, आचारी ठरला होता, अण्णांनी वेळ दिली होती. मग म्हटलं, निरोपच द्यायचा ना? उद्या पहाटे आपली टोळी कारखान्यावर निघतीय, तिलाच निरोप देऊ. सूनबाई टोळीत हायच.

मॅडमचा चेहरा उतरला. मॅडम, तुमच्यावर आमचा राग नाही. तुम्ही या पोरीवर लई कष्ट घेतले. म्हाताऱ्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, घास कसा भरवायचा, कुठं दुखतंय ते कसं विचारायचं, सगळं जपानी भाषेत. तिकडच्या वृद्धाश्रमानं मोबाईलवर मुलाखत घेतली आणि पोरगी निवडली. गावात पेढे वाटले. मी पेढा खाल्ला आणि तसाच छगनरावांच्या दारात जाऊन बसलो. म्हटलं, पोरगी माझ्या अमृतला द्या. छगनराव म्हणाले, ती परत आल्यावर बघू. मी विचारलं, एवढ्या लांब तरणी पोर एकटी धाडता? जोडीनं जाऊ द्या. छगनराव माझ्याच टोळीतले, त्यामुळं समजूतदार. लग्न झालं.

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? आमच्या धंद्यात एकट्याला कुणी पूर्ण धरत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळ्या बांधायच्या, कारखान्यालाही जोडीच लागते. मला वाटलं, जपानही तसाच असणार. अमृतनं तर थंडीचे बूट आणून ठेवले.

मग मॅडमनी नियम सांगितला. तिकडं कामाला जायच्या परवान्यावर पहिली काही वर्षं नवरा न्यायचा नाही, लेकरू न्यायचं नाही. आता याला काय म्हणावं? त्यांना बाईचे हात पाहिजेत, तिचा संसार नको. आम्ही अडाणी खरे, पण संसारासकट नेतो. पाचटाच्या कोपीत का होईना, नवरा-बायको एका जागी असतात.

मॅडम म्हणाल्या, लग्न झालं तरी संस्कृती एकटी जाऊ शकते, मंगळवारचं विमान आहे. मान्य. पण मग अमृतनं काय करायचं? मुकादमाच्या पोरानं अर्धा कोयता म्हणून फडात उतरायचं? लोक माझ्या तोंडावर हसतील. म्हणून तिचा पासपोर्ट मी माझ्याकडं ठेवलाय, ट्रॅक्टरच्या कागदांबरोबर. नीट हाय, काळजी नसावी. सूनबाईनं मधी जेवण सोडलं हुतं. आमच्या मंडळींनी, रतनबाईंनी, समजावलं. आता जेवती. आणि शिक्षण काही वाया जात नाही. रतनबाईंचे गुडघे दुखतात, सूनबाई रोज चोळून देते, लई हलका हात हाय.

काय झालं मॅडम, उभ्या का राहिलात? बरं, बरं. मंडळी, मॅडमचं म्हणणं असं, की मी नको, छगनराव नको, संस्कृतीनं स्वतः सांगावं, जायचंय की नाही. पाहुण्यांचा शब्द मोडू नये. सूनबाई, ये, माईक घे. जायचं म्हणालीस तर पासपोर्ट आत्ता, अण्णांच्या समोर, तुझ्या हातात देतो. माझी जबान हाय.

फक्त बोलायच्या आधी एक ऐकून घे. अमृतचा कोयता मी अर्धा ठेवणार न्हाई. तू गेलीस की सोडचिठ्ठी, आणि छगनरावांच्या घरात दुसरी लेक हाय. ती बघा, समोर शाळेच्या ड्रेसमधी बसलीय, आरती. नववीत ना गं? मोळ्या बांधायला नववी पुष्कळ झाली. छगनराव, तुमची काही हरकत? खाली बघतायत, म्हणजे न्हाई.

हं, आता बोल. जरा मोठ्यानं, मागं ऐकू जाऊ दे.

"मला न्हाई जायचं."

ऐकलंत मॅडम? सगळ्यांदेखत, तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. बसा आता. मंडळी, टाळ्या होऊ द्या. आरती, तूही वाजव, बाळा. तुझ्या ताईचा सत्कार हाय.

अण्णांनी वेळ काढला, मॅडम एवढ्या लांबून आल्या, आचाऱ्यानं बुंदी झकास केलीय, सगळ्यांचा मी ऋणी आहे. आणि छगनराव, आता मान वर करा. आरतीची घाई नाही. माझा धाकटा कल्याण पुढच्या हंगामाला कोयता धरतोय, तेव्हा बघू.

बोलण्याच्या भरात एखादा शब्द कुणाला लागला असेल तर आपला माणूस म्हणून पदरात घ्या. पंगत बसू द्या. सूनबाई, माईक ठेव आणि वाढायला घे.