काकांनी केलेलं कौतुक

प्रदर्शनात नुसत्या माना डोलावणारे लोक दिसले, की मला आमचे काका आठवतात. पंचाऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. मालाडला बंद पडलेल्या दगडखाणीत शिल्पांची बाग केली होती. आमच्या साहेबांच्या बायकोचंही शिल्प होतं तिथे, पुरुषभर उंचीचा काळा दगड. माझी नोकरी पक्की व्हायची होती, म्हणून गेलो. काकांनी त्याच खाणीत वीस वर्षं सुरुंग लावलेले, तेही जुनी जागा बघायला आले.

बाई शिल्प समजावत होत्या. तेवढ्यात कुणीतरी दुसऱ्या एका शिल्पावर चढला म्हणून वॉचमनने तीनदा शिट्टी मारली. खाणीत तीन शिट्ट्या म्हणजे सुरुंग उडणार. काकांनी बाईंना दंड धरून ओढलं आणि त्यांच्याच शिल्पामागे चिखलात आडवं केलं.

म्हटलं, वाट लागली, गेली नोकरी.

काही उडालं नाही. काका उठले, शिल्पावर थाप मारून म्हणाले, "बाई, दगड झकास निवडलात. सुरुंग उडाला असता ना, तरी तुम्हाला ओरखडा आला नसता."

पुढच्याच महिन्यात मी पक्का झालो. साहेब म्हणाले, "बायको म्हणते, तिच्या शिल्पाबद्दल मनापासून बोलले ते एकटे तुझे काका."