आधी चिंधीवर

पर्वत पाटिया नाक्यावरच्या मेडिकलवाल्याशी माझ्या पुढची बाई बोलत होती.

"भाऊ, मुलीच्या चेहऱ्याला लावायला रेटिनॉलची क्रीम द्या, पण एकदम हलकी. दिवाळीनंतर तिला बघायला येणार आहेत."

"पहिल्यांदाच लावणार ना मासी? मग आठवड्यातून दोनदाच, मटारच्या दाण्याएवढी. आणि आधी कानामागे लावून बघा."

"ते कळतं हो. आमच्या डाइंगमध्येपण रंग आधी चिंधीवर बघतात, मगच साडीला लावतात."

"बस, तसंच करा."

"केलं ना! गेल्या आठवड्यात कडकवाली आणली, ती आधी सुनेच्या गालाला चोपडली. भाजल्यागत लाल झाली, सालपटं निघाली. म्हणून तर हलकी मागतेय."

"अरेरे! मग सुनेसाठी काही मलम देऊ?"

"तिला कशाला? तिचं लग्न झालंय."